खानदेशची वरात आणि चालता खर्ज

मैफलीहून घरीं परतणारा श्रोता गायकाची एखादी तान गुणगुणत असतो, तबलजीच्या तिहाईची वाखाणणी करतो, पेटीवाल्याच्या हाताविषयींही दोन गोड शब्द बोलतो. परंतु तंबोऱ्याच्या शेवटच्या पितळी तारेची आठवण त्याला सहसा होत नाहीं. वास्तविक ती तार उतरली असती तर सगळी मैफलच उतरली असती. खर्जाचें हें असेंच आहे. तो स्वतः ऐकूं येतो असें म्हणण्यापेक्षां, तो आहे म्हणून बाकीचें सुरेल ऐकूं येतें असें म्हणणें अधिक योग्य. सर्वांचा भार ज्यानें वाहावयाचा त्याचेंच नांव इतिहासांत शेवटीं लिहिलें जातें, किंवा लिहिलेंच जात नाहीं.

बास गिटार या वाद्याचा इतिहास हा अशाच एका भारवाहूचा इतिहास आहे. वाद्य परदेशी, वयानें पाऊणशें वर्षांचें, दिसावयास नेहमींच्या गिटारीसारखें. तारा मात्र चारच, आणि त्याही जाड. अमेरिकेंत जन्मलेलें हें वाद्य गोमंतकीय वादकांच्या हातून मुंबईच्या चित्रपटसंगीतांत शिरलें, तेथून ऑर्केस्ट्रांबरोबर जिल्ह्याच्या गांवीं गेलें, आणि त्याचा स्वर जळगांव-धुळ्याच्या लग्नसराईंतील वरातीपर्यंत पोंचला. आज तो स्वर वरातींत आहे. त्याचा वादक मात्र बहुतेक ठिकाणीं नाहीं. हें कसें घडलें आणि त्यांत काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्या संगीतांत खर्जाचा मान मोठा, पण तो खर्ज बहुधा स्थिर. तंबोऱ्याची मंद्र षड्जाची तार आपल्या जागेवरून हालत नाहीं. सनईच्या ताफ्यांत एक जण गत वाजवितो आणि दुसरा नुसता सूर धरून असतो. लग्नमंडपांत त्या सूर धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाहीं. पण गाल फुगवून, नाकानें श्वास घेत तो एकच स्वर अखंड ठेवतो, आणि त्या स्वराच्या आधारावर सनईची सारी नक्षी उभी राहते. शाहिराच्या मागें तुणतुणें छेडणारा साथीदार त्याच कुळींतला. पेटी बनविणारे कारागीर तर स्वरपट्ट्यांच्या रांगांना खर्ज, नर आणि मादी अशीं नांवेंच देतात.

पाश्चात्य वाद्यमेळांत खर्जाची रीति निराळी. तेथें वरची चाल पुढें सरकतांना खालचा स्वरही पावलें टाकीत असतो. गाण्याचा स्वरसंवाद बदलला कीं खर्ज आपली जागा बदलतो, आणि एका जागेहून दुसऱ्या जागीं जातांना मधल्या पायऱ्याही वाजवितो. तिकडचे वादक आपल्या बोलींत अशा वादनाला ‘चालणारा’ खर्जच म्हणतात. आपल्याकडचा स्थिर खर्ज आणि तिकडचा चालता खर्ज, हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे पुढचा इतिहास सोपा होतो.

तापीच्या दोन्ही अंगांस पसरलेला खानदेश सन १९०६ मध्यें पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. त्यांचेच पुढें जळगांव व धुळें हे जिल्हे झाले, आणि सन १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. या प्रदेशाचा कान पूर्वीपासून खालच्या आवाजाचा भोक्ता. सातपुड्यांतील पावरा व भिल्ल लोकांचा होळीचा ढोल इतका अवजड असतो कीं तो अंगावर पेलून वाजविणें हें बळकट गड्याचेंच काम. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी या गांवच्या राजवाडी होळीला असे ढोल रात्रभर घुमतात, आणि नाचणाऱ्यांच्या कमरेच्या घुंगरांचा नाद त्यांच्यावर तरंगत राहतो. साक्रीच्या डोंगराळ भागांत डोंगऱ्या देवाच्या उत्सवांत पावरी वाजते. सपाटीवरील गांवांतून वहीगायन रंगतें तें डफाच्या साथीनें. आखाजीचा झोका असो, श्रावणांतील कानबाईची मिरवणूक असो कीं लग्नाची वरात असो, खानदेशी माणसाचे पाय हालतात ते खालच्या ठोक्यावर.

परंतु या साऱ्या वाद्यांतील खालचा आवाज ठेक्याचा आहे. चालीबरोबर पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या स्वराचा नव्हे. त्या स्वराच्या सर्वांत जवळ जातो तो तबल्याचा डग्गा. तळहाताचा मनगटाकडील भाग पुडीवर दाबून पुढें सरकविला कीं डग्ग्याचा आवाज खालून वर घसरत जातो, आणि मुका ठेका क्षणभर बोलका होतो. म्हणजे हालणाऱ्या खर्जाची गोडी आपल्या कानांना अगदींच परकी नव्हती. पुढें बास गिटार आली तेव्हां ती येथें इतक्या लवकर रुजली याचें एक कारण या डग्ग्यांत शोधावें लागतें.

त्यापूर्वीं मात्र बँडबाजाचा काळ येऊन गेला. इंग्रजी पलटणी आणि संस्थानी दरबार यांच्या पितळी वाद्यवृंदांवरून शहरोशहरीं खासगी बाजे उभे राहिले. त्यांना लागणारीं वाद्यें मीरतेस घडूं लागलीं. तेथील नादिर अली कंपनी सन १८८५ पासूनची आहे. रेल्वेनें माल आणि माणसें दोन्ही खेळतीं ठेविलीं. जळगांव व भुसावळ हीं मुख्य मार्गावरचीं ठाणीं. धुळ्यास चाळीसगांवाहून फांटा आला तो सन १९०० मध्यें. हळूहळू सनई-चौघड्याशेजारीं क्लॅरिनेट आणि कॉर्नेट वाजूं लागले, खांद्यावर पितळी बिल्ले लावलेला गणवेश आला, आणि वरातीस ‘बाजा’ असणें ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

बाजाच्या अंतरंगांतील एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. पलटणीच्या वाद्यवृंदांत जाड नळीचीं वाद्यें खालचा निराळा भाग वाजवीत, आणि तो भाग त्यांच्यासाठीं कागदावर लिहिलेला असे. वरातीच्या बाजानें पलटणीकडून वाद्यें घेतलीं. कागद घेतला नाहीं. युफोनियमवाला बहुधा क्लॅरिनेटचीच चाल खालच्या सप्तकांत वाजवी, किंवा तिला उत्तर देई. खर्ज आला, पण चालीच्या सावलीसारखा आला. स्वतःचें पाऊल टाकणारा खर्ज अजून यावयाचा होता. तोंवर बाजाचा पाया मोठ्या ढोलानेंच सांभाळिला.

तिकडे अमेरिकेंत चालता खर्ज वाजविणाऱ्यांची अडचण निराळ्याच प्रकारची होती. त्यांचें वाद्य म्हणजे डबल बास: माणसाच्या उंचीचें, उभें राहून वाजवावयाचें, पडदे नसलेलें. नाचाच्या दिवाणखान्यांत तुताऱ्यांच्या व ढोलांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई, आणि गांवोगांव फिरतांना त्याची ने-आण हें एक संकटच असे. सिएटल येथील पॉल टटमार्क यानें सन १९३६ च्या सुमारास आडवें धरून वाजविण्याचें, पडदे असलेलें, विजेवर चालणारें खर्जाचें वाद्य तयार केलें. पण त्याचा फारसा प्रसार झाला नाहीं. यश आलें तें लिओ फेंडर याला. हा कॅलिफोर्नियांतील गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. सन १९५१ मध्यें त्यानें ‘प्रिसिजन बास’ नांवाचें वाद्य बाजारांत आणिलें.

प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बासवर पडदे नसल्यामुळें बोट जरा चुकलें कीं स्वर बेसूर होतो. येथें २० पडदे असल्यामुळें ती भीति उरली नाहीं. डबल बासच्या तारेची वाजती लांबी सुमारें ४२ इंच असते. ती फेंडरनें ३४ इंचांवर आणिली. चार तारा अशा लावलेल्या कीं, एकीला षड्ज मानलें तर तिच्यावरची मध्यमांत बोलावी. वाद्यास भोपळा नाहीं कीं पोकळ पेटी नाहीं. नुसती भरींव लांकडी फळी. आवाज निघतो तो असा: तारांच्या खालीं लोहचुंबक असतात व त्यांच्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार थरथरली कीं त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. तोच वाढवून ध्वनिवर्धकाकडे धाडावयाचा. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदांत मंक मॉन्टगोमरी यानें हें वाद्य गांवोगांव वाजवून दाखविलें, आणि ज्यांनीं आरंभीं नाकें मुरडलीं त्यांपैकीं अनेकांनीं पुढें तेंच हातीं घेतलें.

मुंबईच्या चित्रपटसृष्टींत पाश्चात्य वाद्यांचें काम बव्हंशीं गोमंतकीय वादकांकडे होतें. चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणींच स्वरलिपि वाचावयास शिकविलेलें असे. संगीत दिग्दर्शकानें चाल बांधावी आणि वाद्यमेळाची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनीं लिहावी, असा प्रघात पडला. वरातीच्या बाजानें जो कागद सोडून दिला होता तो येथें पुनः हातीं आला, आणि त्या कागदावर खर्जासाठीं निराळी ओळ होती. आधीं ती डबल बासवर वाजे. सन १९६० नंतरच्या दशकांत बास गिटारनें तींत वांटा मागितला, आणि राहुलदेव बर्मन यांच्या काळांत तर ती ओळ गाण्याचा कणाच झाली. त्यांच्या वाद्यमेळांत बास गिटार वाजवीत ते टोनी वाझ. त्या काळचीं गाणीं ज्यांना तोंडपाठ आहेत अशा रसिकांपैकीं किती जणांना हें नांव माहीत असेल?

नांव न लागण्याचें दुःख केवळ येथलें नव्हे. अमेरिकेंत डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांवर जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) याची बास गिटार आहे. पण कंपनीनें वादकांचीं नांवें छापण्यास आरंभ केला तो सन १९७१ मध्यें, मार्व्हिन गे याच्या एका ध्वनिमुद्रिकेपासून. मुंबईत अँथनी गोन्साल्विस यांचें नांव घरोघरीं पोंचलें तें सन १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील गाण्यामुळें. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूचें नांव असें अमर केलें. परंतु गाणें गुणगुणणाऱ्या हजारोंना तें एका खऱ्या माणसाचें, मजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचें नांव आहे याची कल्पनाही नव्हती.

मुंबईहून हें वाद्य बाहेर पडलें तें ऑर्केस्ट्राच्या गाडींत. ऑर्केस्ट्रा हा शब्द मराठींत एका विशिष्ट अर्थानें रुळला: चित्रपटांतील गाणीं ध्वनिमुद्रिकेबरहुकूम रंगमंचावर सादर करणारा संच. पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारख्या संचांनीं ही आवड वाढविली, आणि गणेशोत्सव आला कीं जिल्ह्याच्या गांवांतूनही ऑर्केस्ट्राचे फलक लागूं लागले. जळगांव, धुळें, भुसावळ, अमळनेर या गांवांना आगगाडीची सोय. मुंबईंत आज गाजलेलें गाणें थोडक्याच दिवसांत येथें ऐकावयास मिळे. गाणें ‘जसेंच्या तसें’ हवें असें श्रोता म्हणूं लागला म्हणजे त्यांतील खर्जही जसाच्या तसा हवा. आणि अशा रीतीनें, ज्या वाद्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें त्याच्यावांचून कार्यक्रम होईनासा झाला.

या वादकाचा धंदा सुपारीवर चालतो. कार्यक्रमाची तारीख ठरली कीं ‘सुपारी मिळाली’, थोडी रक्कम आगाऊ आली कीं ‘इसार मिळाला’, आणि रात्रीं काम संपल्यावर हातावर पडते ती बिदागी. अशा मंडळींत वाद्य व वादनपद्धति यांविषयीं जे वाद चालतात ते पंडितांच्या वादांहून कमी चुरशीचे नसतात.

पहिला वाद उजव्या हाताचा. तार बोटानें छेडावी कीं नखीनें? बोटांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, तर्जनी व मध्यमा आळीपाळीनें चालविल्या म्हणजे स्वर गोल व भरींव निघतो आणि मांसल पेरांना तारेचा अंदाज राहतो. जेमर्सन तर एकट्या तर्जनीनेंच सगळें वाजवी. नखीच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, उघड्या मैदानांत गोल स्वर विरून जातो. नखीचा टणत्कार मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतो. या पक्षाला कॅरल के या बाईंचा मोठा आधार. त्या मूळच्या गिटारवादक. सन १९६३ च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आला नाहीं म्हणून त्यांनीं तें वाद्य हातीं घेतलें, आणि नखीनें वाजवूनच त्या लॉस एंजेलिसच्या अग्रगण्य वादकांत जाऊन बसल्या. तिसरा पंथ आंगठ्याचा. लॅरी ग्रॅहम हा तरुण आपल्या आईच्या गाण्याला साथ करीत असे. त्या लहानशा संचांतून ढोलवाला गेला, तेव्हां आंगठ्यानें जाड तारेवर आघात करून आणि दुसऱ्या बोटानें बारीक तार ओढून सोडून त्यानें एकट्यानेंच ठेका आणि खर्ज दोन्ही उभे केले. गरजेंतून निघालेली ही युक्ति पुढें जगभर पसरली.

दुसरा वाद तारांचा. गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या तारा घ्याव्या कीं गोल तार गुंडाळलेल्या? पहिल्यांचा आवाज मऊ, डबल बासच्या जवळचा, आणि त्या वर्षानुवर्षें टिकतात. दुसऱ्यांचा आवाज झळझळीत, पण घामानें तो लवकर मरतो आणि पडदेही झिजतात. तिसरा वाद तारांच्या संख्येचा. पांचवी, आणखी खालची तार हवी कीं नको? ती असली कीं खालचे अधिक स्वर मिळतात. पण दांडी रुंद होते, आणि वरातीच्या साध्या ध्वनिवर्धकांतून ती तार नीट ऐकूंच येत नाहीं, असें जुने वादक म्हणतात.

यांत त्यांचें म्हणणें खरें आहे, व तें पदार्थविज्ञानानें पटतें. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. त्या स्वराच्या हवेंतील एका लहरीची लांबी ८ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें २७ फूट. एवढी लहर हालवावयास मोठा पडदा व पुष्कळ शक्ति लागते. शिवाय माणसाचा कान खालच्या स्वरांना मुळांतच मंद. आणि विजेची शक्ति दुप्पट केली तरी आवाज वाढतो तो ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. म्हणूनच अमेरिकेंत सन १९६९ मध्यें अँपेग कंपनीला ३०० वॅटचा अजस्र अॅम्प्लिफायर काढावा लागला. खानदेशांतल्या वादकापाशीं अशी यंत्रसामग्री कोठून असावयाची? मांडवांत जो भोंगा आणि जो अॅम्प्लिफायर असेल त्याच्यावरच भागवावयाचें. जनित्राची वीज कमीजास्त झाली तर आवाज भरडणार. परदेशी मालावर सन १९९१ पर्यंत कडक निर्बंध असल्यामुळें वाद्यही बहुधा कोलकात्याच्या कारखान्यांतलें, नाहींतर मुंबईच्या एखाद्या वादकानें वापरून विकलेलें.

त्यांत खानदेशचें ऊन. लग्नसराई भर वैशाखांत, आणि तेव्हां जळगांव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे धांवत असतो. कोरड्या हवेनें दांडीचें लांकूड आकसतें, पितळी पडद्यांचीं टोकें कडेनें बाहेर येऊन बोटांना ओरखडे काढतात. दांडीचा बाक बदलला कीं तारा पडद्यांवर घासूं लागतात. दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई असते. तिचा पेंच थोडा फिरवून हा बाक सांधावा लागतो, आणि तो किती फिरवावयाचा हें पुस्तकांत लिहिलेलें नसून हातालाच ठाऊक असतें. उन्हांत ठेविलेलें वाद्य मांडवांत येतांच लावूं नये, सावलींत निवूं द्यावें आणि मग खुंट्यांस हात घालावा, हा धडा येथल्या वादकाला कोणी गुरूनें न देतां ऋतूच देतो.

परंतु खरें मर्म वाद्यांत नाहीं, नखींत नाहीं आणि तारांतही नाहीं. तें आहे शेजाऱ्याचें ऐकण्यांत. केरव्याच्या आठ मात्रा घ्याव्या: धा गे न ति, न क धि न. पहिल्या दोन मात्रांवर व पुढें सातव्या मात्रेवर डग्गा खुला घुमतो. तिसरीपासून सहावीपर्यंत तो मिटलेला असतो. बास गिटार व डग्गा यांचा मुलूख जवळजवळ एकच. दोघेही एकाच वेळीं मनसोक्त घुमूं लागले तर गाण्याच्या तळाशीं नुसता गाळ सांचतो. जाणता वादक समेवर डग्ग्याबरोबर पाऊल टाकतो, लगेच तार दाबून आपला स्वर मिटवितो, आणि डग्गा गप्प असेल त्या मोकळ्या जागेंत आपलें वाक्य बोलतो. स्वर कधीं सुरू करावा हें सर्वांनाच येतें. तो कधीं सोडावा हें ज्याला कळलें त्यालाच ही कला आली. स्थिर खर्जाच्या परंपरेंत वाढलेल्या कानाला चालता खर्ज परका वाटला नाहीं तो अशा वादकांमुळें. त्यांनीं परदेशी वाद्य डग्ग्याच्या शेजारीं बसवून त्याला येथील पंगतीची रीत शिकविली.

आणि याच वादकाची जागा सर्वांत आधीं यंत्रानें घेतली. सन १९८१ मध्यें जपानच्या रोलंड कंपनीनें ‘टीबी-३०३’ नांवाची एक लहान रुपेरी पेटी काढिली. एकट्यानें सराव करणाऱ्याला बासवादकाची उणीव भासूं नये, हा तिचा हेतु. बटणें दाबून खर्जाची ओळ भरून ठेवावी व ती पेटीनें न थकतां वाजवावी. खऱ्या वादकाची नक्कल तिला साधली नाहीं, आणि सन १९८४ मध्यें तिचें उत्पादन बंद पडलें. याच पेटीला मुंबईंतील चित्रपटांच्या वाद्यमेळांत गिटार व कळफलकाचीं वाद्यें वाजविणाऱ्या चरणजितसिंग यांनीं सन १९८२ मध्यें हातीं धरलें, आणि तिच्यावर आपले दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढिली. तेव्हां तिची दखल कोणी घेतली नाहीं. सुमारें पांच वर्षांनीं शिकागोच्या तरुणांनीं तीच टाकून दिलेली पेटी उचलून नाचाचें एक नवें संगीत जन्मास घातलें. सन २०१० मध्यें चरणजितसिंग यांची ध्वनिमुद्रिका पुनः निघाली, तेव्हां तिकडचे लोक चकित झाले. आयुष्याच्या शेवटच्या पांच वर्षांत त्यांना परदेशांत कीर्ति मिळाली; सन २०१५ मध्यें ते निवर्तले. यंत्र वाईट नसतें, तें कोणाच्या हातीं आहे यावर सारें अवलंबून आहे, हें या एका गोष्टींत दिसून येतें.

वरातीच्या रस्त्यावर मात्र यंत्र निराळ्या हिशेबानें आलें. एक कळफलक विकत घेतला कीं डाव्या हातानें खर्ज आणि उजव्या हातानें चाल वाजवितां येते. एका माणसाची बिदागी वांचते. आजच्या खानदेशी बँडांत वाहनावर चढविलेला कळफलक असतो, इलेक्ट्रॉनिक पॅड असतो, अहिराणी गाणीं म्हणणारा गायक असतो, आणि भोंग्यांची भिंत असते. या बँडांनीं अहिराणी बोलीला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, हें त्यांचें श्रेय कोणी नाकारूं नये. पण बास गिटारवाला त्यांत क्वचितच दिसतो. आणि जेथें बँडही नको, नुसता डीजे हवा, तेथें तर खर्ज केवळ आघात होऊन बसला आहे.

याचा जाच गांवाला होतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम सन २००० मध्यें झाले. वसतीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ ध्वनिक्षेपकांना बंदी, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु मोजणीसाठीं जी ‘ए’ पट्टी धरतात ती कानाच्या कलानें बेतलेली असल्यामुळें सेकंदास ५० कंपनांच्या आसपासचा स्वर ती सुमारें ३० डेसिबल कमी धरते. खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातींत धडधडतें, आणि यंत्रावर मात्र त्या मानानें थोडाच आंकडा दिसतो. खर्ज वाढला म्हणून संगीत वाढलें असें होत नाहीं. सातपुड्यांतील ढोल हा डीजेपेक्षां थोर आहे तो लहान आहे म्हणून नव्हे. त्याच्या मागें दोन हात आहेत, आणि ते हात नाचणाऱ्यांचीं पावलें पाहून हालतात, म्हणून.

चालत्या खर्जाचा वादक हेंच करीत असे. नवरदेवाचा घोडा थांबला कीं तो थांबे, गायकाचा दम सरला कीं एक आवर्तन सांभाळून घेई, डग्ग्याला जागा देई. भरून ठेविलेल्या ओळीला घोडा दिसत नाहीं. जुनीं वाद्यें पुनः आणावीं असा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. सनईच्या जागीं क्लॅरिनेट आला आणि डबल बासच्या जागीं बास गिटार आली, तेव्हांही जग बुडालें नाहीं. मात्र त्या प्रत्येक वेळीं वाद्य बदललें तरी ऐकणारा माणूस जागेवर होता. पुढील लग्नसराईंत घरांत कार्य निघेल आणि बँडवाल्याशीं सुपारीचें बोलणें होईल, तेव्हां गायक कोण, गाणीं किती, भोंगे किती, हे प्रश्न विचारले जातीलच. त्यांच्या जोडीला, खर्ज कोण वाजविणार, एवढें विचारावें. एखाद्या घरानें त्या माणसाची बिदागी निराळी मोजली, तर कोठेंतरी पेटींत पडून असलेल्या बास गिटारच्या खुंट्या पुनः पिळल्या जातील.